पंचेचाळीस अंशांचा प्रश्न

घरातल्या दारातून आपण दिवसभरात कितीतरी वेळा ये-जा करतो. परंतु चौकटीभोवती बसविलेली लाकडी पट्टी वरच्या कोपऱ्यात कशी जुळली आहे, हे मान वर करून पाहणारा माणूस विरळाच. उभी पट्टी आणि आडवी पट्टी जेथे भेटतात, तेथे एक तिरकी रेषा असते. ती केसासारखी बारीक असली, तर आपल्या ध्यानातही येत नाही. तीच फाटलेली असली, तिच्यात लांबी भरून वरून रंग फासलेला असला, तर मात्र पाहुणादेखील क्षणभर तिकडे पाहतो. सुताराचे बरेचसे उत्तम काम असे नजरेआड राहते आणि त्याची थोडीशी चूक मात्र वर्षानुवर्षे भिंतीवर टांगलेली राहते.

या तिरक्या सांध्याला आमच्याकडचे कारागीर ‘मायटर’ म्हणतात. दोन पट्ट्यांची टोके प्रत्येकी ४५ अंशांत कापावयाची आणि काटकोनात जुळवावयाची, एवढीच त्याची व्याख्या. यात लाकडाचे आडवे कापलेले, रेषे उघडे पडलेले टोक झाकले जाते आणि पट्टीवरची नक्षी न तुटता कोपऱ्यातून वळून पुढे जाते. मी आयुष्यभर शाळेत भूमिती शिकविली. पंचेचाळीसचा कोन फळ्यावर काढणे मला कधी कठीण गेले नाही. परंतु फळ्यावरच्या रेषेला जाडी नसते, आणि लाकडावरच्या कापाला ती असते, हा भेद मला आमच्या शेजारच्या मिस्त्रींच्या पडवीत बसून नीट उमगला.

तसबिरीची साधी चौकट घ्या. तिला चार कोपरे, म्हणजे काप आठ. प्रत्येक काप अवघ्या अर्ध्या अंशाने एकाच दिशेला चुकला, असे समजा. एका कोपऱ्यात दोन कापांची मिळून एक अंशाची चूक होते. पहिले तीन कोपरे ओढूनताणून घट्ट जुळविले, तर चारही कोपऱ्यांची चूक शेवटच्या कोपऱ्यात गोळा होते आणि तेथे चार अंशांची फट उघडते. पट्टी तीन इंच रुंद असेल, तर तिरक्या कापाची लांबी सव्वाचार इंचांच्या जवळ जाते. आणि एवढ्या लांबीवर चार अंश म्हणजे टोकाशी दोन सुतांहून अधिक अंतर. अर्धा अंश डोळ्यांना दिसत नाही, दोन सूत मात्र दारातूनच दिसतात.

हे काम मिस्त्री हाताने करीत. तीन फळ्या जोडून केलेली, दोन्ही बाजूंना कोनाच्या खाचा पाडलेली एक लाकडी पेटी त्यांच्याजवळ आहे. पट्टी त्या पेटीत दाबून धरावयाची आणि बारीक दातांची करवत खाचेतून चालवावयाची. काप किंचित मोठा ठेवून, मग ४५ अंशांचा ठोकळा बसविलेल्या पाटावर पट्टी टेकवून रंध्याने कागदासारखे पापुद्रे काढीत ती मापाला आणावयाची. या रीतीने त्यांनी जुळविलेल्या कोपऱ्यांत पत्र्याची धारही शिरत नाही. पण आता मिस्त्रींच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, हाताला थोडा कंप आहे, आणि एका दाराच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बसविण्यास त्यांना दिवस पुरत नाही. काम देणारे लोक तर आज सांगून परवा रंगारी बोलावतात.

त्यांचा मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून सुतारकामाचा अभ्यासक्रम पुरा करून आला, तेव्हा या घरात खरा प्रश्न उभा राहिला. तो एके दिवशी मला म्हणाला, “काका, मला यंत्रकरवत घ्यायची आहे. ती नसेल, तर मी या धंद्यात टिकणार नाही. मग गोदामात नोकरी धरीन. महिन्याचा पगार तरी ठरलेला मिळेल.” मिस्त्री आतून म्हणाले, “मास्तर, तुम्हीच सांगा याला. यंत्र बोट मागते.” ते जेथे काही वर्षे कामाला होते, त्या कारखान्यात एका सोबत्याची दोन बोटे गेलेली त्यांनी पाहिली होती. पात्यावरचे कवच घाईच्या दिवसांत तारेने वर बांधून ठेवलेले होते. बाप बोलत होता तो यंत्राच्या द्वेषाने नव्हे, आणि मुलगा बोलत होता तोही बापाच्या अनादराने नव्हे. दोघांचेही म्हणणे खरे होते. माहितीपुस्तके इंग्रजीत असतात, म्हणून ती वाचून सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

ज्या यंत्राविषयी आम्ही बोलत होतो, त्याला बाजारात ‘मायटर सॉ’ म्हणतात. कल्पना साधी आहे. खाली फिरणारे गोल मेज, मागे लाकूड टेकविण्यासाठी उभी आधारपट्टी, आणि वर एका बिजागरीवर खालीवर होणारा हात. त्या हाताच्या टोकाला मोटर व गोल पाते. मेज हव्या त्या अंशावर फिरवून अडकवावयाचे, लाकूड टेकवावयाचे आणि हात खाली आणावयाचा. अमेरिकेत १९२०नंतरच्या दशकात रेमंड डीवॉल्ट याने आडव्या दांड्यावर सरकणारी करवत काढली होती. बिजागरीवरून खाली येणारी ही लहान, उचलून नेता येणारी करवत तेथेच १९६४ मध्ये रॉकवेल कंपनीने बाजारात आणली. घराच्या शोभेच्या पट्ट्या जागेवर जाऊन कापणाऱ्या सुतारांना ती फार सोयीची पडली. त्या मुळाची एक खूण आजही यंत्रावर असते. मेजावर ०, १५, २२.५, ३० आणि ४५ अंशांच्या खाचा असतात, त्या समजतात. पण बऱ्याच यंत्रांवर ३१.६ अंशांचीही एक खाच असते. तिकडे छत व भिंत यांच्या सांध्यावर तिरकी लाकडी पट्टी बसविण्याची रीत आहे. ती पट्टी मेजावर आडवी ठेवून कापताना पाते ३३.९ अंशांनी कलते करून मेज ३१.६ वर फिरवावे लागते. आपल्याकडे त्या जागी बहुधा प्लास्टर ऑफ पॅरिस असते, तेव्हा ती खाच आपल्या सुताराच्या क्वचितच कामी यावयाची. परंतु किंमत मोजताना असल्या गोष्टींचाही विचार करावा लागतो.

यंत्रांचे प्रकार तीन-चार आहेत. पहिल्यात मेज फिरते, पण पाते उभेच राहते. दुसऱ्यात पाते एका बाजूला कलतेही करता येते. तिसऱ्यात ते दोन्ही बाजूंना कलते, म्हणजे पट्टी उलटीसुलटी करावी लागत नाही. चौथ्यात हात दांड्यांवर पुढेमागे सरकतो, त्यामुळे रुंद फळीही कापता येते. पाते बहुधा १० किंवा १२ इंचांचे असते. साडेआठ इंचांचीही यंत्रे मिळतात. १० इंची न सरकणारे यंत्र सरळ कापात साधारण साडेपाच इंच आणि ४५ अंशांत सुमारे चार इंच रुंदीची पट्टी कापते. यंत्रायंत्रांत थोडा फरक असतो. सरकणारे यंत्र सरळ कापात १२ इंचांपर्यंत जाते.

मुलाच्या मनात अर्थातच सरकणारे, मोठ्या पात्याचे यंत्र होते. तरुण माणसाने मोठे यंत्र मागावे, यात नवल नाही. मी त्याला एवढेच सांगितले, “गेल्या वर्षभरात तुम्ही दोघांनी बसविलेल्या पट्ट्यांची मापे वहीत लिही. मग बोलू.” चार दिवसांनी तो वही घेऊन आला. दाराच्या पट्ट्या अडीच ते साडेतीन इंच. तसबिरी व आरशांच्या चौकटी एक ते दोन इंच. प्लायवूडच्या कडेच्या पट्ट्या त्याहून लहान. आणि देव्हाऱ्यांची दोन कामे. आठ इंचांहून रुंद फळी कोनात कापण्याचा प्रसंग वर्षात तीनदाच आला होता, आणि ते काम हातकरवतीने झालेही होते. वहीचे ते पान पुढे ठेवल्यावर वादाचा निम्मा भाग आपोआप संपला.

उरलेला निम्मा भाग वजनाचा व किमतीचा. दहा इंची साधे यंत्र एक माणूस जिन्याने तिसऱ्या मजल्यावर नेऊ शकतो. बारा इंची सरकणारे यंत्र पंचवीस किलोंच्या आसपास जाते, आणि त्याच्या दांड्यांना मागे जागाही लागते. दांड्या बाहेर ओढलेल्या स्थितीत हात किंचित जरी डुगडुगला, तरी कोन बिघडतो; तो डुगडुगू नये इतके उत्तम यंत्र हवे, तर पैसेही तसेच मोजावे लागतात. आम्हाला सांगितलेल्या किमतींत साधे व सरकणारे यांत दुपटीहून अधिक अंतर होते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, साधनसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि तारणाविना प्रथम एक लाख व पुढे दोन लाख रुपयांपर्यंत, पाच टक्के व्याजाने कर्ज, अशी तिची रूपरेषा आहे. कर्ज मिळते म्हणून मोठे यंत्र घ्यावे, असा मोह मुलाला होता. मिस्त्री म्हणाले, “अरे, व्याज कमी असले तरी मुद्दल आपल्यालाच फेडायचे असते.” या वाक्यावर मला काही जोडावेसे वाटले नाही.

यंत्रापेक्षाही पाते महत्त्वाचे, हे बहुतेक गिऱ्हाईक विसरतात. यंत्राबरोबर येणारे पाते पुष्कळदा २४ ते ४० दातांचे, भराभर कापणारे असते. त्याने पट्टीची कड कुरतडल्यासारखी होते. जोडकामासाठी ६० ते ८० दातांचे, कार्बाइडची टोके लावलेले पाते हवे. दात फार पुढे झुकलेले असले, तर पाते लाकूड स्वतःकडे ओढते. यास्तव या यंत्रावर किंचित मागे कललेल्या दातांचे पाते अधिक सुरक्षित समजतात. पाते निवडताना आसाच्या भोकाचे माप व कमाल फेऱ्यांचा आकडा यंत्राशी जुळला पाहिजे. यंत्र विकत घेण्यापूर्वी जवळच्या गावात दुरुस्तीची सोय आहे की नाही, कार्बन ब्रश सहज मिळतात की नाही, हेही विचारावे. मोटर १,५०० ते १,८०० वॉटची असते. ती पंख्याच्या लहान प्लगवर चालवू नये, १६ अँपिअरचा प्लग व जाड तार हवी. बारीक आणि लांबलचक तारेवर दाब उतरतो, मोटर तापते, आणि दोष यंत्राला दिला जातो.

दुकानातच करून पाहावी अशी एक कसोटी आहे, आणि तिला गुण्याही लागत नाही. दोन्ही कडा समांतर असलेली रुंद फळी घ्यावी व ० अंशावर आडवी कापावी. दोहोंपैकी एक तुकडा उलथा करून दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवावेत आणि कापलेल्या कडा एकमेकींना भिडवाव्यात. काप काटकोनात असेल, तर फट राहणार नाही. नसेल, तर चुकीच्या दुपटीची फट दिसेल. चूक दुप्पट करून दाखविणारी ही युक्ती मी वर्गात कधी शिकविली नव्हती. ती मिस्त्रींनी शिकविली.

याहून मोठी गोष्टही त्यांनीच सांगितली. “मास्तर, यंत्र काटकोनात कापील, पण भिंत काटकोनात कुठे असते?” हे अक्षरशः खरे आहे. गिलाव्याच्या भिंतीचा कोपरा ९१ असतो, ८८ असतो. जुन्या घरात त्याहूनही वाकडा असतो. म्हणून सरकता गुण्या कोपऱ्यात धरून आधी खरा कोन घ्यावा आणि त्याचे दोन समान भाग करावेत. येथे भूमिती उपयोगी पडली. समजा, कोपरा ९२ अंशांचा आहे. त्याचा निम्मा ४६. परंतु यंत्राची मापपट्टी कोन मोजते, तो पट्टीच्या कडेपासून नव्हे, तर सरळ आडव्या कापापासून. यास्तव ४६ अंशांचे टोक हवे असेल, तर मेज ९० वजा ४६, म्हणजे ४४ वर लावावे लागते. कोन ४५ चा असतो, तेव्हा दोन्ही आकडे एकच येतात, म्हणून ही गोम झाकलेली राहते. मी हे कागदावर काढून दाखविले, तेव्हा बापलेक दोघेही हसले. मिस्त्रींना ते हाताला ठाऊक होते, मुलाला आकड्यांत समजले. खाचांवर न अडकता मधल्या अंशावरही घट्ट बसणारे यंत्र हवे, हा निर्णय त्या कागदावरच झाला.

आता बोटांचा प्रश्न. १० इंची पाते मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दाताचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर होतो. हा आकडा मी मुलाला मुद्दाम गणित करूनच दाखविला. मग आम्ही नियम लिहिले आणि ते पडवीच्या भिंतीला चिकटविले. कवच कधीही बांधून ठेवावयाचे नाही. हात पात्यापासून सहा इंचांच्या आत आणावयाचा नाही. तुकडा लहान असेल, तर तो शिकंजाने आवळावा. हात एकमेकांवरून ओलांडून लाकूड धरावयाचे नाही. पात्याने पूर्ण वेग घेतल्यावरच ते लाकडात उतरवावे, आणि काप पुरा झाल्यावर कळ सोडून, पाते थांबल्यावरच हात वर न्यावा. वाकलेली पट्टी आधारपट्टीला नीट टेकविल्यावाचून कापू नये, कारण ती पात्याला आवळते. जुन्या लाकडातले खिळे आधी शोधावेत. आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो, म्हणून कानांवर झाकणे हवीत. डोळ्यांवर चष्मा व नाकावर चांगला मुखपट्टा हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लाकडाची धूळ मानवी कर्करोगास कारण होते, असे नमूद केले आहे. सागवानाचा भुसा शुभ मानून अंगावर घेणाऱ्या पिढीला हे पचणे कठीण गेले. पण मिस्त्रींनी आपणहून मुलासाठी मुखपट्टा मागविला.

अखेर घेतले ते १० इंची, न सरकणारे, एका बाजूला पाते कलते होणारे यंत्र. वाचलेल्या पैशांतून ८० दातांचे पाते, दोन शिकंजे, चष्मा, कानाची झाकणे व भुसा ओढणारे साधे यंत्र आले. आणि तरीही पहिल्या टप्प्याच्या कर्जाचा मोठा भाग घ्यावा लागला नाही. ज्या दाराला दिवस पुरत नसे, त्याच्या पट्ट्या आता दुपारच्या आत लागतात. मुलगा काप केसभर मोठा ठेवतो. मिस्त्री पाटावर बसून रंध्याचा एखादा हात मारतात आणि अंगठा सांध्यावरून फिरवितात. यंत्राचा काप आणि हाताचा रंधा यांत कोणी कोणाला घालवून दिले नाही. गोदामाच्या नोकरीची गोष्ट निदान तूर्त तरी निघत नाही.

एक शत्रू मात्र कोणत्याही यंत्राला जुमानत नाही, तो म्हणजे हवा. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. रुंदीत फुगते आणि आकसते. पावसाळ्यात पट्टी फुगली, की कोपरा बाहेरच्या टोकाशी उघडतो. कडक उन्हाळ्यात ती आकसली, की आतल्या टोकाशी उघडतो. म्हणून कोकणात जुळविलेली चौकट नागपूरच्या वैशाखात आतून फाकली, तर त्यात सुताराचा दोष असतोच असे नाही. पट्ट्या ज्या खोलीत लावावयाच्या, त्याच खोलीत आठ-दहा दिवस रचून ठेवाव्यात आणि मगच कापाव्यात. सांध्यात डिंक भरून आडवी टाचणी मारावी.

ज्यांना वर्षातून एखादी तसबीर मढवावयाची आहे, त्यांनी यंत्राच्या नादी लागू नये. खाचांची पेटी, बारीक दातांची करवत आणि थोडा धीर एवढ्यावर ते काम घरात होते, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना कोन म्हणजे काय, हे वहीपेक्षा अधिक चांगले कळते. ज्यांच्या घरी सुतारकाम निघावयाचे आहे, त्यांना माझी विनंती निराळी आहे. सुताराला १६ अँपिअरचा प्लग, सपाट जागा आणि हवेशीर खोली द्या. पट्ट्या आठवडाभर खोलीत ठेवण्याची तो मुभा मागेल, ती द्या. रंगारी आठ दिवस उशिरा आला, तर काही बिघडत नाही. काम चालू असताना घाई करून त्याला कवच बांधावयास लावू नका. आणि पैसे देण्यापूर्वी पट्टीची चकाकी न पाहता कोपरे पाहा. ते जुळलेले असले, तर तसे त्याला बोलून दाखवा. मजुरीत जे मावत नाही, ते कारागिराला त्या एका वाक्यात मिळते.